पाचपैकी चार

गेल्या वर्षी २२ मार्चला एकविसावा रोजा होता आणि त्याच संध्याकाळी कोलकात्यात आयपीएलचा पहिला सामना होता. आपल्या शहरात त्या दिवसांत इफ्तार पावणेसातच्या आत होत होता, तरावीहला सव्वाआठ-साडेआठला उभं राहायचं आणि मॅचचा पहिला चेंडू साडेसातला. म्हणजे मगरिबची नमाज, फळं, भजी, चहा आटोपला की इशापर्यंत जो तासभर मोकळा मिळतो, तो नेमका क्रिकेटच्या वाट्याला गेला. आमच्या गल्लीत ओट्या-ओट्यावर पोरं मोबाईलवर वाकून बसलेली असायची. मला वाटायचं, मॅच बघतायत. बघतच होती. पण त्यातला एक जण काय बघत होता, ते मला ईद होऊन गेल्यावर कळलं.

हा मुलगा माझा जुना विद्यार्थी. दहावीला चांगले मार्क मिळवले, पुढे कॉलेज अर्धवट सोडलं, आता मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. पगार बारा हजार. वडील हयात नाहीत. आई शिवणकाम करते आणि आम्ही दोघी एकाच भिशीत आहोत. धाकटी बहीण बारावी झाली, तिला डी. फार्मसीला जायचं होतं. हे सगळं त्या माउलीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "बाजी, लिहा. फक्त नाव नका टाकू." म्हणून नाव नाही, गल्ली नाही.

एप्रिलमध्ये ती माझ्याकडे आली तेव्हा तिला एवढंच माहीत होतं, की पोराच्या अंगावर चोवीस हजारांची उधारी आहे आणि ती "क्रिकेटची" आहे. मुलाला बोलावलं. तो खाली मान घालून बसला आणि म्हणाला, "मॅडम, मी सट्टा नव्हतो लावत. मी फक्त मल्टी लावत होतो."

मल्टी म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. बऱ्याच वाचकांनाही माहीत नसेल, म्हणून सांगते. एका सामन्यावर पैसे लावले तर तो साधा सट्टा. मल्टीत चार, पाच, आठ सामन्यांचे अंदाज एकाच चिठ्ठीवर बांधतात. पहिला बरोबर आला की मिळालेली सगळी रक्कम आपोआप दुसऱ्यावर लागते, तिथून तिसऱ्यावर. शेवटपर्यंत सगळे बरोबर आले तर मोठी रक्कम हातात. एक जरी चुकला तर शून्य. परदेशात याला पार्ले म्हणतात, कुठे अ‍ॅक्युम्युलेटर, आपल्याकडची पोरं मल्टी किंवा कॉम्बो म्हणतात. मी आपली साखळी म्हणते.

त्याने मला पहिली चिठ्ठी दाखवली. तिचा स्क्रीनशॉट त्याने जपून ठेवला होता, एखादं सर्टिफिकेट ठेवावं तसा. आयपीएलचे पहिले पाच सामने: बेंगळुरू, हैदराबाद, चेन्नई, लखनौ, पंजाब. लावले ५०० रुपये, पाचही जिंकले तर १२,३८० मिळणार.

बेंगळुरूने कोलकात्याला सात गडी राखून हरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादने २८६ धावा कुटल्या आणि संध्याकाळी चेन्नईने मुंबईला हरवलं. तीन झाले. २४ मार्चला लखनौने २०९ केल्या आणि उत्तरात दिल्लीची अवस्था ५ बाद ६५. मुलगा सांगतो, त्या वेळी तो तरावीह संपवून मशिदीच्या पायरीवर बूट घालत होता आणि मनात रकमेचे हिशोब चालू होते. नंतर पुन्हा बघितलं तर आशुतोष शर्माने मॅच फिरवलेली. दिल्ली एक गडी राखून, तीन चेंडू बाकी असताना जिंकली. चिठ्ठी तिथेच मेली. तरी दुसऱ्या दिवशी तो पंजाबची मॅच शेवटपर्यंत बघत बसला. पंजाबही जिंकलं, अकरा धावांनी.

"मॅडम, पाचपैकी चार बरोबर होते," तो मला म्हणाला. "एका गड्याने गेलं."

एप्रिलमध्ये हे सांगतानाही त्याच्या आवाजात हरल्याचं दुःख नव्हतं. कौतुक होतं. आपल्याला खेळ कळतो, फक्त नशीब आडवं आलं, असं. पुढचे दोन महिने त्याने जे केलं ते या एका वाक्याच्या जोरावर केलं. म्हणून या महिन्यात मी याच वाक्याचा हिशोब मांडणार आहे.

दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत असं धरा. मग सामना म्हणजे नाणेफेकच. न्याय्य हिशोबाने १०० लावणाऱ्याला जिंकल्यावर २०० मिळायला हवेत. सट्टा घेणारा १९० देतो. एकाने या बाजूला १०० लावले, दुसऱ्याने त्या बाजूला १००. याच्या गल्ल्यात २०० आले, जिंकणाऱ्याला १९० दिले, १० उरले. त्याला क्रिकेट कळण्याची गरजच नाही. मॅच कोणीही जिंको, त्याचे शंभरामागे पाच सुटलेले असतात.

आता साखळी. १९० चे पुढे ३६१ होतात, मग ६८६, मग १,३०३, मग २,४७६. ५०० रुपयांवर त्याचे पाचपट, म्हणजे १२,३८०. बघणाऱ्याचे डोळे दिपतात. पण पाच नाणी उडवली तर बत्तीस वेगवेगळे निकाल लागू शकतात आणि पाचही छापे त्यातल्या एकातच आहेत. म्हणजे न्याय्य हिशोबाने ५०० चे १६,००० व्हायला हवे होते. मधले ३,६२० कुठे गेले? पाच कड्यांवर पाच वेळा कापले गेले. एका सामन्यात शंभरातले पाच कापणारा माणूस पाच सामन्यांच्या साखळीत शंभरातले जवळजवळ तेवीस कापतो, आणि वर तुम्हाला वाटतं त्याने मोठं बक्षीस ठेवलंय. साखळी जितकी लांब, तितका त्याचा घास मोठा. मोबाईलवर "आणखी एक सामना जोडा" असं चमकत राहतं ते उगाच नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीत हीच गोष्ट दुसऱ्या कपड्यात होती. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर आकडे लागायचे. उघडतानाचा भाव म्हणजे ओपन, बंद होतानाचा म्हणजे क्लोज. १९६१ मध्ये तिकडून भाव येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात टाकून आकडा काढणं सुरू झालं, म्हणून मटका. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापला मटका सुरू केला आणि तो राज्यभर गावोगावच्या पानटपरीपर्यंत पोहोचला. त्यातली "जोडी" ही साखळीच होती, ओपन आणि क्लोज दोन्ही बरोबर यायला हवेत. शंभर जोड्यांतली एक लागायची आणि रुपयाला साधारण नव्वद मिळायचे. म्हणजे मटकेवाला शंभरात दहा ठेवायचा. त्या धंद्याने किती घरं बसवली हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आणि आता खिशातला चकचकीत मोबाईल शंभरात तेवीस ठेवतो. मटक्याला निदान लाज म्हणून आडोसा तरी लागायचा.

पण खरी मेख कापलेल्या पैशात नाही. ती "पाचपैकी चार"मध्ये आहे.

पाच नाण्यांच्या त्या बत्तीस निकालांत पाचही छापे एकदाच येतात, पण बरोबर चार छापे पाच वेळा येतात. कोणतंही एक नाणं चुकू शकतं, पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं किंवा पाचवं. म्हणजे साखळी लावणाऱ्याला एका जिंकण्यामागे पाच वेळा "थोडक्यात हुकलं" मिळणारच. आठ कड्यांची साखळी असेल तर आठ वेळा. यात कोणाची लबाडी नाही, कोणाचं नशीब नाही, साधी मोजणी आहे. दहावीच्या पुस्तकात संभाव्यतेचा धडा आहे, नाणी आणि फासे आहेत. आमच्या उर्दू माध्यमात त्याला एहतिमाल म्हणतात. मी मराठी शिकवणारी बाई, पण गणिताचे सर रजेवर असताना या मुलाच्या वर्गाला तो धडा मीच शिकवला होता. दोन नाण्यांवर थांबले. परीक्षेला तेवढंच येतं, असं म्हणाले होते.

साध्या सट्ट्यात माणूस हरतो तेव्हा हरलेला असतो. साखळीत तो हरतो आणि त्याला वाटतं आपण जवळ आलो. शाळेत पस्तीसला पास असताना चौतीस मिळालेला मुलगा पुढच्या वेळी खरंच पास होतो, कारण त्याने काहीतरी शिकलेलं असतं. इथे चौथ्या कड्यापर्यंत पोहोचलेला माणूस पुढच्या चिठ्ठीत पुन्हा पहिल्या कड्यावरच उभा असतो. मागचे चार त्याला कोणी जमा करून देत नाही.

बाकीच्या चुकाही त्याने एकेक करून सांगितल्या, मी वहीत लिहून घेतल्या. एक म्हणजे "पक्क्या" मॅच जोडणं. भाव कमी मिळतो, पण अमुक संघ तर जिंकणारच, म्हणून तो चिठ्ठीत घालायचा. समजा त्याचा प्रत्येक अंदाज शंभरात ऐंशी वेळा बरोबर येतो. एवढा तर कॉमेंट्री करणाऱ्या मोठमोठ्या खेळाडूंचाही येत नसेल. तरी तसे पाच जोडले की सगळे बरोबर येण्याची शक्यता शंभरात तेहतीस उरते. नव्वदचे सात जोडले तरी अठ्ठेचाळीस, म्हणजे निम्म्याहून कमी. सात पक्क्या गोष्टींची मिळून एक कच्ची गोष्ट होते. हे त्याला अजिबात पटेना. "पण मॅडम, प्रत्येक तर पक्कं आहे ना?" असं तो तीनदा म्हणाला.

दुसरी, टिप देणारे. एका चॅनलवाल्याचे सलग सहा अंदाज बरोबर आले, म्हणून सातव्यासाठी त्याने पैसे भरले. मी त्याला म्हटलं, मलाही क्रिकेट कळत नाही, पण मी हे करून दाखवते. ६४ जणांना मेसेज पाठवायचा, अर्ध्यांना सांगायचं मुंबई जिंकेल, अर्ध्यांना चेन्नई. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून द्यायचं. उरलेल्या ३२ ना पुढच्या सामन्यात पुन्हा तसंच, मग १६, ८, ४, २. सहाव्या सामन्यानंतर एक जण असा उरतो, ज्याला माझे सहाच्या सहा अंदाज बरोबर मिळाले. तो मला पीर मानेल. यावर तो पहिल्यांदा हसला.

तिसरी चूक, हरलं की दुप्पट लावणं. १०० पासून सुरू करून आठ वेळा दुप्पट करत हरलात तर २५,५०० गेलेले असतात आणि नववा डाव २५,६०० चा असतो, तोही सुरुवातीचे १०० कमावण्यासाठी. आणि बोनस. आज पाचशे टाका, पाचशे फुकट घ्या. ते फुकटचे काढता येत नाहीत, आधी अमुक इतक्या वेळा लावून दाखवावे लागतात. तोवर उरतात कुठे?

इथे माझ्या मनात एक विचार आला, तो लिहूनच टाकते. या चुका टाळायला शिकवणारेही बाजारात पुष्कळ आहेत. साखळी छोटी ठेवा, रक्कम ठरवून लावा, भावनेत वाहू नका. ऐकायला शहाणपण वाटतं. पण पाचऐवजी दोनच कडी जोडली तर तेवीसऐवजी साधारण दहा कापले जातील, एवढाच फरक. खिशाला लहान भोक पाडून देणाऱ्या शिंप्याचे आभार कोण मानतं?

आता माझी चूक. ती मुलाच्या चुकांपेक्षा लहान नाही.

एप्रिलमध्ये त्याची आई आली तेव्हा मी त्याच्याशी एवढं बोलले, हिशोब मांडला, आणि मला वाटलं काम झालं. मी तिला सांगितलं, उधारी एकदाच फेडून टाका, म्हणजे पोराच्या डोक्यावरचा भार उतरेल. तिने सराफ्यात जाऊन कानातल्या बाळ्या मोडल्या. त्या तिच्या आईच्या होत्या. मग मुलाला समोर बसवून शपथ घ्यायला लावली, आणि मीच म्हटलं की मामूंना काही सांगू नका, घरातली गोष्ट घरात राहू द्या. तिन्ही सल्ले माझे, तिन्ही चुकीचे. उधारी फिटली म्हणजे उधार देणाऱ्यांच्या नजरेत त्याची पत परत आली. शपथ घेतली, पण मोबाईल त्याच्याच हातात राहिला, आणि एकूण किती लावले किती आले हे आम्ही विचारलंच नाही. मामूंना न सांगितल्यामुळे घरात त्याला विचारणारं कोणी उरलं नाही. बाराव्या दिवशी त्याने पुन्हा चिठ्ठी लावली. शपथ मोडल्याची शरम आली म्हणून आईपासून लपवलं, लपवायचं म्हणून आणखी खोटं, आणि सगळं एकदाच भरून निघावं म्हणून रक्कम मोठी. ५०० च्या जागी पाच हजारांच्या चिठ्ठ्या लागू लागल्या. मे महिन्यात माझ्याच भिशीचे पन्नास हजार तिला लागले होते, बहिणीच्या प्रवेशासाठी कपाटात ठेवलेले. जूनमध्ये प्रवेशाची वेळ आली आणि कपाट उघडलं, तर रुमालात कागदाच्या घड्या.

त्या दिवशी मात्र मामूंना बोलावलं. त्यांनी आवाज चढवला, एक थप्पडही मारली, मी मध्ये पडले नाही. मग मी वही काढली आणि म्हटलं, आता शपथ नको, मोबाईलमधल्या सगळ्या चिठ्ठ्या काढ. रात्री दोनपर्यंत लिहीत बसलो. पाच-पाच सामन्यांच्या शेहेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. लावलेले एकूण ९४,५००. लागलेली चिठ्ठी एक, ईदनंतरच्या आठवड्यातली, ५०० चे १२,३८०. पाचपैकी चार बरोबर आलेल्या सात.

सात बघून तो पुन्हा म्हणाला, "बघा मॅडम, सात वेळा जवळ आलो होतो."

मी काही बोलण्याआधी त्याची बहीण उठली. तिने आईच्या डब्यातून रुपयाची पाच नाणी आणली आणि फरशीवर उडवायला लागली. छापा म्हणजे बरोबर. मी वहीत खुणा करत गेले. शेहेचाळीस वेळा उडवली तिने, हात दुखला तरी थांबली नाही. पाचही छापे दोनदा आले. चार छापे सहा वेळा. तिने नाणी गोळा करून डब्यात टाकली आणि म्हणाली, "भाई, मी तुझ्यापेक्षा एकदा जास्त जिंकले."

त्याने दोन महिने खेळपट्टीचे अहवाल ऐकले होते, कोण जखमी, कोण फॉर्मात, दव पडणार का, सगळं पाठ होतं. नाण्याला यातलं काही माहीत नसतं. तो बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिला. माझं गणित जे दोन महिन्यांत करू शकलं नाही, ते त्या मुलीने अर्ध्या तासात केलं. तिचे पैसे गेले होते म्हणूनही असेल.

दुसऱ्या दिवशी तो मामूंबरोबर मौलानांकडे गेला. त्यांनी त्याला मैसिरबद्दल सांगितलं, ते त्याने मला येऊन सांगितलं. अज्ञानकाळात अरब लोक उंट कापून त्याच्या वाट्यांवर बाण काढायचे. दहा बाण असत, सात बाणांवर एक ते सात असे हिस्से आणि तीन कोरे. कोरा बाण ज्याच्या नावाने निघाला त्याने उंटाची किंमत भरायची. जिंकलेलं मांस बहुधा गरिबांना वाटलं जायचं आणि न खेळणाऱ्याला कंजूस म्हणत. म्हणजे त्यात दानधर्माचा रंगही होता. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत मैसिरमध्ये लोकांसाठी काही फायदे आहेत हे नाकारलेलं नाही, गुनाह त्या फायद्यांहून मोठा आहे असं म्हटलंय. पुढे सूरह माइदामध्ये ते पूर्ण बंद झालं. मुलाला यातली पहिली गोष्ट जास्त लागली. "मॅडम, फायदा आहे हे अल्लाहनेच सांगितलंय," तो म्हणाला. मी घाबरले, याला पुन्हा काही सुचलं की काय. पण तो म्हणाला, "मला १२,३८० मिळाले ना, तोच तो फायदा. ते नसते मिळाले तर मी एप्रिलमध्येच थांबलो असतो."

ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, हा वादच त्यात ठेवला नाही. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. भारतीय संघाच्या जर्सीवर जिचं नाव होतं त्या कंपनीनेही पैशांचे खेळ बंद केले. चांगलं झालं. पण आमच्या मुलाच्या चिठ्ठ्या तिथल्या नव्हत्याच. त्या परदेशातून चालणाऱ्या साइटच्या होत्या. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटकडून आयडी घ्यायचा, पैसे कोणा अनोळखी माणसाच्या खात्यात पाठवायचे. अशा साइट एक नाव बंद झालं की दुसऱ्या नावाने येतात. बहिणींनो, घरातल्या मुलाच्या तोंडी आयडी, पॅनल, सेशन, फॅन्सी, लगाई-खाई हे शब्द आले, तर तो नुसतं क्रिकेट बोलत नाहीये हे समजून घ्या. आणि एक. हाच एजंट त्याला म्हणाला होता, तुझं बँक खातं आणि सिम मला वापरायला दे, महिन्याला दोन हजार देतो, उधारी फिटेल. त्याने दिलं नाही, अल्हम्दुलिल्लाह. अशा खात्यांतून लोकांना फसवलेला पैसा फिरतो, मग खातं गोठतं आणि पोलीस ज्याच्या नावावर खातं आहे त्याच्या दारात येतात.

नव्या कायद्यातल्या शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना, जाहिरातवाल्यांना आणि पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यांना आहेत, पैसे घालवून बसलेल्या पोराला नाहीत. त्यामुळे त्या भीतीने गप्प बसू नका. पैसे फसवून गेले असतील तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, लवकरात लवकर करा. आणि सुटत नसेल, झोप लागत नसेल, जिवाचं काही बरंवाईट करण्याची भाषा येत असेल, तर १४४१६ वर टेली-मानस आहे, फोन फुकट आहे, मराठीत आणि उर्दूतही बोलता येतं. आम्ही जुलैमध्ये केला होता. पलीकडच्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला तो असा, पगाराच्या दिवशी मोबाईल कोणाकडे असतो? आम्हाला सुचला नसता.

आता पगार थेट आईच्या खात्यात येतो. बहिणीचा प्रवेश मामूंनी पैसे भरून उशिराने करून दिला, त्याचे तीन हजार दरमहा मुलगा त्यांना परत करतो. मध्ये एकदा तो घसरलाही, सप्टेंबरमध्ये, आशिया कपच्या वेळी. दुकानातल्या मित्राच्या मोबाईलवरून दोनशे रुपये. रात्री स्वतः येऊन वहीत लिहून गेला. सत्तेचाळीसावी चिठ्ठी. किती बरोबर आले ते त्याने लिहिलं नाही, मीही विचारलं नाही.

एक गोष्ट राहिली होती. त्या १२,३८० मधून त्याने एप्रिलच्या उन्हात आईसाठी सात हजारांचा कूलर आणला होता. दुकानात ओव्हरटाइम केला असं सांगून. जूनमध्ये खरं कळल्यापासून तिने तो लावला नाही. चादर टाकून कोपऱ्यात ठेवला आणि पंख्याखाली शिवत बसायची. मौलानांना विचारलं तर ते म्हणाले, सवाबची नियत न करता एखाद्या गरजूला देऊन टाका. तिला ते जमेना. आपल्या घरात नको ती वस्तू दुसऱ्याच्या घरात कशी द्यायची, असं तिचं म्हणणं. गरजूला ती जायज आहे, हे मौलानांनी दोनदा समजावलं, तेव्हा कुठे गेल्या महिन्यात तिने तो पलीकडच्या गल्लीतल्या एका आजारी म्हातारबांच्या घरी पोहोचवला. मुलगाच डोक्यावर घेऊन गेला.

आता मार्च येईल, एप्रिल येईल, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. तो आईसाठी दुसरा कूलर घ्यायचा म्हणून दर महिन्याला पैसे बाजूला टाकतो, पाचशे.